उरली ती माझी

इंदूटीचरांचा पाय पंचांग बघून दुखायचा. सरस्वतीपूजनाच्या सकाळी तो धरायचा आणि दसऱ्याला आपोआप सुटायचा. मध्ये औषध नाही, पाणी नाही, तेल चोळणं नाही. स्टाफरूममध्ये यावर चेष्टा व्हायची. आमचे हेडमास्तर म्हणायचे, "टीचर, तुमच्या पायाला सुट्ट्यांचा तक्ता कोण दाखवतो?" टीचर हसून न हसल्यासारखं करायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. तो पाय का दुखतो हे साऱ्या शाळेत मला एकट्याला ठाऊक आहे, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

आमची शाळा गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, शिरगावच्या वाटेवर. तेव्हा खाणी जोरात चालू होत्या. दिवसभर खनिजाचे ट्रक शाळेच्या भिंतीला घासून जायचे आणि जनेलाच्या काचेवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी तांबडी धूळ बसायची. मी विज्ञान शिकवायचो. इंदूटीचर मराठी आणि शिवण शिकवायच्या. आम्ही दोघंही नार्व्याच्या बाजूला भाड्यानं राहायचो आणि एकाच बशीनं ये-जा करायचो, म्हणून त्यांच्याशी माझं बोलणं. नाहीतर त्या फार कोणाशी बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

मूळच्या त्या पेडण्याच्या, तुये गावच्या. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, यावर गावात चार मतं होती आणि चारही चूक असावीत. शनिवारी दुपारची बस धरून भावाकडे जायच्या आणि रविवारी संध्याकाळी परत यायच्या. तिथं राहून आल्या असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "भावाकडे जावन इलंय," एवढंच म्हणायच्या, पाहुण्यासारखं. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, हातात काळी छत्री, पिशवीत डबा आणि पाववाल्या पोदेराकडचे दोन उंडे. उंडे नेहमी दोन. एक स्वतःसाठी, एक "कोण इलोच तर" म्हणून. बहुतेक दिवस कोणी यायचं नाही आणि तो दुसरा उंडा त्या बसस्टॉपवरच्या कुत्र्याला घालायच्या.

शाळेच्या मागच्या अंगाला शिवणाची खोली होती. दोन मशिनं, एक लांब मेज, भिंतीवर कापडाचे नमुने. टीचर तिथंच जेवायच्या. स्टाफरूममध्ये पगारवाढीच्या आणि जमिनीच्या गोष्टी चालायच्या, त्यात त्यांना रस नव्हता. मधल्या सुट्टीत डबा झाला की दारात उभ्या राहून पटांगणाकडे बघायच्या. मी एकदा विचारलं, "काय बघता एवढं?"

"खेळात कोण असा ता सगळेच बघतत," त्या म्हणाल्या. "मी कोण नाय ता बघतंय."

त्यांचं हे बघणं साधं नव्हतं. मुलगे मारामारी करत तिकडे त्या फारशा लक्ष द्यायच्या नाहीत. तिथं हेडमास्तरांची छडी होती, पी.टी.च्या सरांचा आवाज होता. टीचरांची नजर मुलींवर. मुलींचं भांडण ऐकू येत नाही. एक मुलगी पाण्याच्या टाकीकडे आली की बाकीच्या आपोआप बाजूला होतात, एवढंच दिसतं. तेही बघणाऱ्याला. "मारलेला दिसता, सर," त्या म्हणायच्या, "वगळलेला दिसत नाय." शिक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली, प्रशिक्षणं झाली, शिबिरं झाली. या एका वाक्याएवढं कामाचं मला कुठं काही मिळालं नाही.

शिवणाच्या तासाला जोड्या लागत. एकीनं कापड धरायचं, दुसरीनं टाके घालायचे. जोड्या मुली आपापल्या लावत आणि शेवटी एक कोणीतरी उरायचीच. ती उरलेली मुलगी मान खाली घालून उभी राहायच्या आत टीचर तिचा हात धरून म्हणायच्या, "उरली ती माझी." असं म्हणायच्या की जणू सगळ्यांत चांगली वाटणी त्यांच्या पदरात पडली. मुली हसायच्या, उरलेलीही हसायची. हे त्यांचं ब्रीद होतं म्हणा ना. एकदा बशीत त्यांनी मला सांगितलं, की त्यांच्या वाड्यावर शाळा आली ती गोवा मुक्त झाल्यावर. तेव्हा त्या चांगल्या दहा वर्षांच्या होत्या आणि पहिलीत बसल्या, सहा वर्षांच्या पोरांत. बाकावर मावायच्या नाहीत म्हणून मास्तरांनी भिंतीकडे वेगळं बसवलं. "माजी जोडी कधी लागूकच नाय," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. 

आणि फुगडी! पेडण्याच्या बायका फुगडीला हटत नाहीत हे मी ऐकून होतो, पण इंदूटीचरांना बघितलं तेव्हा खात्री पटली. शाळेत सरस्वतीपूजन असायचं. आरती, भजन, पंचखाद्याचा प्रसाद, आणि मग मुलींच्या फुगड्या. चतुर्थीची हौस तोवर त्यांच्या अंगातून उतरलेली नसे. पहिली फुगडी टीचरांची असा रिवाजच होता. एरवी हळू बोलणाऱ्या, भिंतीच्या कडेनं चालणाऱ्या या बाई पदर खोचून हॉलच्या मध्यभागी यायच्या, हात तिढा घालून समोरचीचे धरायच्या आणि असा गरका घ्यायच्या की आमचे हेडमास्तर चष्मा सावरायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा निराळा दिसायचा. वर्षात तेवढी एकच दुपार त्या कोणाच्या तरी हातात असायच्या. समोर अर्थात दरवर्षी उरलेलीच मुलगी.

मग आठवीत वनिता आली.

वनिताचे वडील ट्रकवर ड्रायव्हर. मूळचे हद्दीपलीकडचे, दोडामार्गाकडचे. खाणीच्या अंगाला भाड्याच्या एका खोलीत बिऱ्हाड. तिथं विहिरीचं पाणीही तांबडं, त्यामुळे वनिताचा पांढरा ब्लाउज कितीही धुतला तरी विटकरी दिसायचा. मुलींनी तिला नाव दिलं 'तांबडी'. नुसतं नाव असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी त्याचा खेळ केला. वनिताला किंवा तिच्या दप्तराला कोणाचा हात लागला, की त्या मुलीला 'माती लागली.' मग तिनं ती माती धावत जाऊन दुसरीला पुसायची, दुसरीनं तिसरीला. "माती, माती!" असा ओरडा करत सगळ्या पटांगणभर पळायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय छान खेळतायत पोरी. आणि वनिता टाकीजवळ उभी.

या खेळाची म्होरकी सुषमा. तिच्या बापाचे ट्रक होते, आणि त्यातलाच एक वनिताचा बाप चालवायचा. म्हणजे त्याच तांबड्या मातीवर एकीचं नवं घर उभं राहत होतं आणि दुसरीला तीच माती लागत होती. वनिताच्या घरून तक्रार यायचा प्रश्नच नव्हता. आईनं मुलीला सांगून ठेवलं होतं, "उगी रव. बापाशीच्या पोटार पाय नको."

हेडमास्तर मनानं चांगले होते. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी प्रार्थनेच्या वेळी वनिताला पुढे बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या शाळेपुढे अर्धा तास भाषण केलं. गरीब-श्रीमंत असं काही नसतं, आपण सगळे समान आहोत, वगैरे. दुसऱ्या दिवसापासून मुली तिला 'समान' म्हणायला लागल्या. टीचर हेडमास्तरांच्या केबिनमध्ये जाऊन शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही तिचं बारसं केलंत." एवढंच बोलून बाहेर आल्या.

त्या वर्षीच्या सरस्वतीपूजनाला टीचरांनी काय केलं असेल ते सांगायला नको. फुगडीची वेळ झाली, मुलींच्या जोड्या लागल्या, वनिता खांबाला टेकून उभी राहिली. टीचर सरळ हॉल ओलांडून तिच्याकडे गेल्या. "उरली ती माझी!" या वेळी जरा मोठ्यानंच म्हणाल्या. तिचे दोन्ही हात धरले आणि तिला मध्यभागी आणली. पोरगी काटकुळी, पण पाय पक्के. अशी फुगडी रंगली की भजनातला पेटीवाला उठून उभा राहिला. वनिता हसत होती. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. बशीत टीचर अजून धापा टाकत होत्या. म्हणाल्या, "बघितलात मा? आता कोण तिका हात लावता ता बघूया."

आणि खरंच कोणी हात लावला नाही. कसलाच.

'माती'चा खेळ बंद पडला. टीचरांच्या माणसाची कोण कळ काढणार? पण कोणी तिच्याशी बोलेना, तिला खेळायला घेईना. आधी निदान तिला टाळण्यासाठी तरी मुली तिच्या आजूबाजूला पळायच्या. आता ती गेली की नुसत्या गप्प व्हायच्या. वनिता मधल्या सुट्टीत शिवणाच्या खोलीत जेवायला यायला लागली. टीचर तिच्यासाठी डब्यात सुंगटांचं हुमण जास्तीचं आणायच्या. दुसरा उंडा तिचा. बसस्टॉपवरच्या कुत्र्याचे हाल सुरू झाले. टीचरांनी तिला मशीन शिकवलं, काज करायला शिकवलं. मी त्या बाजूनं गेलो की आतून दोघींचं बोलणं ऐकू यायचं, आणि एक दिवस तर इंदूटीचर गुणगुणत होत्या. त्या सुखी होत्या, हे मी लिहून देतो. शनिवारी तुयेला जायची त्यांची घाई कमी झाली होती.

पौषात त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. एक दिवस रजा घेऊन त्या गावी गेल्या. परत आल्या तेव्हा बशीत मी आपलं सहज सांगितलं, की काल वनिता शिवणाच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून बसली होती. डबा मांडीवर, झाकण लावलेलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तशी उठली आणि डबा न उघडताच वर्गात गेली.

टीचरांनी माझ्याकडे बघितलं. "कोण गेला नाय तिच्याकडे?"

"कोणी नाही."

"तुम्ही?"

"मी हाक मारली. पण ती आली नाही."

बस नदीकाठच्या शेतांतून चालली होती. त्या छत्रीची मूठ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, मी तिका पोरींतसून उचलून माज्या खोलीत बंद करून ठेवलंय. चावी माज्या कमरेक. आनी माका वाटला, मी तिका राखलंय."  पुढे अगदी हळू म्हणाल्या, "तिका सोबत गावली का माका, ता बघूकच नाय मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवणाची खोली मधल्या सुट्टीत बंद करायला सुरुवात केली आणि जेवायला स्टाफरूममध्ये आल्या. वनिताला सांगितलं, "मशीन बिघडला. हय जेवूक येव नको आता." पोरगी डबा घेऊन तिथंच उभी राहिली. टीचर तिच्याकडे पाठ करून कुलूप लावत होत्या. मला त्यांचा राग आला. त्या दुपारी मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि स्टाफरूममध्ये त्या भिंतीकडे तोंड करून जेवल्या. दुसरा उंडा कागदात तसाच होता.

पण बाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. शिवणाच्या तासाला आता मुलींनी जोड्या लावायच्या नाहीत असा नियम झाला. टीचर दोऱ्यांचा एक जुडगा मुठीत मधोमध धरायच्या. दोन्ही बाजूंनी टोकं लोंबत. प्रत्येकीनं एक टोक धरायचं. मूठ सोडली की जिच्या हातात त्याच दोऱ्याचं दुसरं टोक, ती जोडीदारीण. निवड कोणाची नाही, दोष कोणाचा नाही. दर आठवड्याला नवा जुडगा. सुषमानं एकदा टोक बदलायचा प्रयत्न केला तेव्हा टीचर म्हणाल्या, "दोरो तुज्या बापायच्या ट्रकार येवक नाय, बाय. जो गावलो तो गावलो."

असंच एकदा वनिताच्या दोऱ्याला शैला लागली. शैला म्हणजे सुषमाचा उजवा हात, तिखट जिभेची आणि शिवणात ढ. तिचं काज म्हणजे उंदरानं कुरतडलेलं भोक. वनितानं ते न बोलता उसवलं आणि परत करून दिलं. शैला म्हणाली, "हें तुका कोणें शिकयलें गे?" वनिता म्हणाली, "टीचरनी." शैला म्हणाली, "म्हाकाय तीच शिकयता. म्हाका कित्याक येना?" आणि दोघी हसल्या. मी भोकं पडलेला माझा शर्ट दाखवायला तिथं गेलो होतो म्हणून हे मला ऐकायला मिळालं. टीचर मान खाली घालून काहीतरी कापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण कात्री थांबली होती.

एवढं झालं म्हणून सगळं सुरळीत झालं, असं नाही. खोलीत बोलायच्या त्याच मुली पटांगणात ओळख दाखवायच्या नाहीत. सुषमासमोर कोणाची छाती नव्हती. शैलाही दारातून बाहेर पडताना वनितापासून चार पावलं मागे राहायची. वर्ष असंच गेलं. मुली नववीत गेल्या. पुन्हा सरस्वतीपूजन आलं.

आरती झाली, प्रसाद झाला. मुली हॉलमध्ये उभ्या राहिल्या. जोड्या लागल्या. सुषमानं शैलाचे हात धरले, इतरांनी इतरांचे. वनिता पुन्हा त्याच खांबापाशी. आणि सगळ्या मुली आमच्या बाजूला बघायला लागल्या, की आता टीचर येतील आणि हिला उचलतील, म्हणजे आपण मोकळ्या. वनिताही तिकडेच बघत होती. तिनं ओढणीची गाठसुद्धा मारून ठेवली होती.

इंदूटीचर उठल्या. दोन पावलं चालल्या आणि एकदम गुडघा धरला. "आई गे! माजो पाय." शिपायाला म्हणाल्या, "माका एक कदेल दी रे." कदेल आली. टीचर भिंतीकडे तिच्यावर बसल्या आणि मुलींना हातानं खूण केली, की माझ्यासाठी थांबू नका.

हॉल गप्प झाला. वनिता खांबापाशी एकटी. शंभरावर डोळे तिच्यावर. तिनं एकदा टीचरांकडे बघितलं, मग जमिनीकडे.  हेडमास्तर काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मी न राहवून उठायला लागलो, तशी टीचरांनी माझी बाही घट्ट पकडली.

"बसा."

"अहो टीचर, ती पोर..."

"बसा म्हणतंय मी. तुम्ही उठलात तर ती जल्मभर उरतली."

 बाही त्यांनी सोडली नाही. त्या वनिताकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या शैलाकडे. शैला एकदा वनिताकडे बघे, एकदा आपल्या हातांकडे. मग ती सुषमाला काहीतरी पुटपुटली. सुषमानं हात आणखी घट्ट धरले असावेत, कारण शैलाला ते हिसडून सोडवावे लागले. ती हॉल ओलांडून खांबापाशी गेली आणि अगदी कंटाळल्यासारखी म्हणाली, "यो गो. सांज जाता न्हय?"

फुगडी सुरू झाली. हॉलमध्ये पुन्हा आवाज भरला. आता खांबापाशी सुषमा उभी होती. मालकाची लेक, नवा परकर-पोलका, आणि हात रिकामे. ती टीचरांकडे बघत होती. टीचर कदेलीवर पुढे सरकल्या आणि पुन्हा मागे टेकल्या. थोड्या वेळानं सगळ्यांनी रिंगण केलं, त्यात सुषमालाही कोणीतरी ओढून घेतलं. ती कोणाच्या शेजारी होती ते मला गर्दीत दिसलं नाही.

संध्याकाळी टीचर शाळेच्या फाटकापासून वडाच्या वळणापर्यंत लंगडत चालल्या. वळण ओलांडलं आणि बस सुटताना दिसली, तशी छत्री बगलेत मारून धावायला लागल्या. मी मागे, त्या पुढे. जागेवर बसून धाप शमल्यावर मी म्हटलं, "टीचर, पाय बरा झालेला दिसतो."

"गप रवा," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "खांब्याकडे त्या सुषमाक बघून माका उठासा वाटला हो, सर. सवय ती." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. रडण्याचं कारण मी विचारलं नाही. त्यांचंही एकच कारण नसावं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिवणाची खोली उघडली. मशीन दुरुस्त झालं असं जाहीर झालं. टीचरांनी डबा मांडला, दोन उंडे काढले. पटांगणात वनिता, शैला आणि आणखी दोघी पायरीवर बसून जेवत होत्या. सुट्टी संपता संपता वनिता धावत दारात आली. "टीचर, पाय बरो जालो?"

"होय गो. जरासो असा अजून."

वनिताला काहीतरी सांगायचं होतं. पण तेवढ्यात पायरीवरून कोणीतरी हाक मारली आणि ती गेली. टीचर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "गेली. बरा जाला." त्या हसत होत्या आणि मेज पुसत होत्या. स्वच्छ मेज.

त्यानंतर वनिता त्या खोलीत जेवायला आली नाही. यायला हवी होती असं मला अजून वाटतं. अधूनमधून तरी. पण पोरं अशीच असतात. सोबत मिळाली की मागं वळून बघत नाहीत, आणि इंदूटीचरांना नेमकं तेच हवं होतं. हवं असलेलं मिळालं तरी माणूस एकटं पडतं, एवढाच त्याचा अर्थ.

मला वाटलं होतं, पुढच्या वर्षी टीचर पुन्हा फुगडीला उठतील. नाही उठल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दर सरस्वतीपूजनाला त्यांचा पाय धरायचा. कधी डावा, कधी उजवा. एकदा सकाळी एक आणि दुपारी दुसरा, तेव्हा मी हळूच सांगितलं, "टीचर, पाय बदलला." त्यांनी गडबडीनं दुरुस्ती केली. मी म्हणायचो, "वनिता शाळा सोडून गेलीसुद्धा. आता कशाला हे सोंग? एक फुगडी घाला." त्या म्हणायच्या, "मी उठलंय काय पोरी परत उरलेला चेडू माज्याच हातात देतल्यो आनी आपण मोकळ्यो जातल्यो. मी बसलेला बरा." आणि खरंच, दरवर्षी थोडा वेळ तो वाईट गप्पपणा पसरायचा आणि दरवर्षी कोणी ना कोणी हॉल ओलांडून जायचं. टीचर भिंतीकडच्या कदेलीवर बसून बघायच्या. नव्या शिक्षकांना वाटायचं, बाई आळशी आहेत. मुलींना तर ठाऊकच नव्हतं, की या बाईंनी कधी फुगडी घातली होती.

त्या निवृत्त झाल्या आणि तुयेला भावाकडे राहायला गेल्या. मी पुढे बरीच वर्षं गेलो नाही. मग एका चतुर्थीला त्यांच्या भाच्याचा निरोप आला, गणपतीला या, आत्ये आठवण काढते.

गेलो. खाली आरास, वर फळाफुलांची माटोळी भरलेली, घर माणसांनी गजबजलेलं. टीचर पडवीच्या टोकाला कदेलीवर बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. अंबाड्यावर अबोली होती. सगळे त्यांच्या पाया पडून आत जात होते. मी शेजारी बसलो. "सर इलात, बरा केलात," असं त्या तीनदा म्हणाल्या.

संध्याकाळी अंगणात फुगड्या सुरू झाल्या. तेवढ्यात फाटकातून चार-पाच बायका आल्या, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असणाऱ्या. त्यातली एक मला बघून थबकली. "सर, वळाखलात? मी वनिता." ती तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणाची सुपरवायझर झाली होती. टीचर इथं राहतात हे कळल्यापासून दर चतुर्थीला येते म्हणाली. आम्ही अंगणाच्या कडेला उभे राहिलो. मी उगाच म्हटलं, "टीचरांचा पाय..."

"सर," ती म्हणाली, "माका ठावक असा. त्याच दिसा बघितलंय मी. बापाशीच्या ट्रकातसून घराक जाय होतंय. टीचर बशीच्या मागसून धावत होती. छत्री बगलेत." तिनं पडवीकडे बघितलं. "माका इतको राग इलो त्या दिसा. वाटला, हिका आता मी नको जालंय. म्हणान परत खोलीत गेलंय नाय. मगे माज्या चेडवाक शाळेत पोरी खेळूक घेईनात, तेवा माका कळला, हात सोडूक किती बळ लागता ता."

 ती सरळ पडवीकडे गेली आणि टीचरांच्या समोर उभी राहिली. पदर खोचला. हात तिढा घालून पुढे केले. "उठा टीचर. हय आता कोण उरूक नाय. एक फुगडी घालूया."

अंगणातल्या बायका बघायला लागल्या. टीचर त्या दोन हातांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, उठतात. त्यांनी कदेलीचे हात धरले, थोड्या वर झाल्या आणि पुन्हा बसल्या.

"आता खराच दुखता गो, बाय," त्या म्हणाल्या.

वनिता त्यांच्या पायाशी खाली बसली आणि गुडघा चेपायला लागली. पण अंगणातून तिच्या सोबतिणी हाका मारत होत्या, त्यांची जोडी अडली होती. टीचरांनी तिचा हात गुडघ्यावरून काढला. "जा. थय वाट बघतत तुजी." वनिता जाईना. "जा म्हणतंय मा?" त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. तेव्हा ती गेली.

मला शेवटची बस होती. फाटकापाशी मी मागे वळून बघितलं. अंगणात रिंगण लागलं होतं, वनिता त्यात होती. पडवीच्या टोकाला इंदूटीचर रिंगणाकडे बघत बसल्या होत्या. कोण नाही ते शोधत असाव्यात, सवयीनं. त्यांचे हात मांडीवर होते, फुगडीत धरतात तसे, तिढा घालून एकमेकांत धरलेले.